मे महिन्यात ओतलेले रंग : खारपाणपट्ट्यातील एका ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खाऱ्या भूजलाचा खारपाणपट्टा पसरला आहे, त्यातील एका गावात हे प्रकरण घडले. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून गावाचे व व्यक्तींचे नाव दिलेले नाही आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. या कामात मी तांत्रिक सल्ला देण्यासाठी सहभागी झालो, तो सुरुवातीचे दोन फलक बिघडल्यानंतर. त्यामुळे त्यापूर्वीची हकीकत चित्रकार आणि तिच्या आईकडून ऐकलेली आहे.

चित्रकार तिशीच्या आतबाहेरची आहे. अमरावतीला राहून तिने कला शिक्षक पदविका पूर्ण केली, कायम नोकरी मिळाली नाही म्हणून ती गावी परतली आणि जवळच्या शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवू लागली. घरी आई, भाऊ आणि कोरडवाहू शेती आहे. शाळेच्या मानधनाला जोड म्हणून तिने ॲक्रिलिक रंग ओतून अमूर्त चित्रे करण्यास सुरुवात केली. फूटभर लांबी-रुंदीच्या पाट्यांवर केलेली ही चित्रे ओळखीच्या लोकांत आणि फोनवरून विकली जात होती, आणि त्यांचा दर्जा खरोखर चांगला होता.

या पद्धतीत कुंचल्याचे काम जवळजवळ नसते. रंगात वाहते माध्यम (रंग चिकट ठेवूनही वाहता करणारा द्रव) आणि थोडे पाणी मिसळून तो सैल केला जातो, निरनिराळे रंग एकाच पेल्यात थरावर थर देऊन भरले जातात, पेला फलकावर उपडा करून उचलला जातो आणि मग फलक हळूहळू कलता करीत रंग कोपऱ्यांपर्यंत नेला जातो. रंग एकमेकांत पूर्ण मिसळत नाहीत. त्यांच्यात जाळी आणि गोलसर पेशी तयार होतात. मेक्सिकोचे भित्तिचित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस यांनी १९३६ साली न्यूयॉर्कमधील आपल्या प्रयोगशाळावजा कार्यशाळेत असेच रंगावर रंग ओतून प्रयोग केले होते, आणि २०१५ साली मेक्सिकोतील संशोधकांनी त्या प्रयोगांचे भौतिकशास्त्र मांडले. जड द्रव हलक्या द्रवावर ओतला की ती मांडणी टिकत नाही. जड रंग जागोजागी खाली बुडू लागतो, हलका रंग त्याच्यातून वर येतो आणि पेशी उमटतात. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडची घनता पाण्याच्या चौपटीहून थोडी अधिक असते, तर काजळीपासून होणाऱ्या काळ्या रंगद्रव्याची त्याच्या निम्म्याहूनही कमी. तयार रंगांत हा फरक बराच घटलेला असतो, तरी काळ्यावर पांढरा ओतल्यास पेशी उमटण्याइतका तो उरतो. आमच्या चित्रकाराला हे सूत्र पुस्तकातून मिळालेले नव्हते. कोणता रंग कोणावर ओतला म्हणजे काय होते याची तिने स्वतः वही ठेवली होती, आणि त्या वहीतील नोंदी या सूत्राशी जुळत होत्या.

एप्रिलच्या सुरुवातीला अमरावतीच्या एका अंतर्गत सजावटकाराने तिची चित्रे पाहिली आणि एका खासगी दवाखान्याच्या प्रतीक्षागृहासाठी पाच मोठ्या फलकांची ऑर्डर दिली. प्रत्येक फलक चार फूट बाय तीन फूट, रंग काळा, निळा, पांढरा आणि थोडा सोनेरी, आणि काम मृग लागण्यापूर्वी हवे. १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांसारखी शांतता भिंतीवर हवी, असे त्यांनी सांगितले. चित्रकाराने त्यांना स्पष्ट केले की गायतोंडे तैलरंगात रोलर आणि सुरीने थर चढवीत व खरवडीत सावकाश काम करीत, तर ओतण्याच्या पद्धतीत एकदा पेला उचलल्यावर काही मिनिटांत सगळे ठरून जाते. तरीही शांत रचनेचे आश्वासन तिने दिले. ठरलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम आगाऊ मिळाली. ती रक्कम घरात कशासाठी वापरली गेली, हे पुढे महत्त्वाचे ठरले: तिच्यातूनच खरिपाचे बियाणे आणि खत भरले गेले.

अडचण

मे महिन्याच्या मध्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, तिने पहिला फलक ओतला. जागा घराच्या मागच्या बाजूची, टिनपत्र्याच्या छताची खोली होती आणि वेळ सकाळी अकराची. उजेड चांगला मिळतो म्हणून ही वेळ निवडली होती. ओतल्यानंतर चित्र अतिशय देखणे दिसत होते. मी त्याचे छायाचित्र पाहिले आहे. काळ्या-निळ्या पृष्ठावर पांढऱ्या पेशींचा एकच पट्टा तिरका गेलेला होता आणि बाकीचा फलक मोकळा होता. उकाड्यामुळे रंग लवकर वाळावा म्हणून तिने छताचा पंखा चालू ठेवला आणि खोली बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या भागात भेगा पडलेल्या होत्या. काही केसाएवढ्या बारीक होत्या, काही इतक्या रुंद की त्यांतून खालचे पांढरे प्रायमर दिसत होते. भेगांच्या कडा किंचित वर वळल्या होत्या. याशिवाय गडद भागात बारीक कण उमटले होते आणि रंगाचा मोठा भाग एका लांब कडेकडे सरकल्यामुळे पांढरा पट्टा मूळ जागेवरून ढळला होता. हा एखादा योगायोग असावा असे समजून तिने चार दिवसांनी दुसरा फलक ओतला, त्यात वाहते माध्यम म्हणून घातला जाणारा गोंद वाढवला, आणि तोही तसाच तडकला.

या टप्प्यावर तिने काम थांबवले आणि मला फोन केला. थांबण्याचा हा निर्णय मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तिच्याजवळ तीन कोरे फलक अजून शिल्लक होते, मुदत जवळ येत होती, आणि अशा वेळी तिसरा फलक ओतून पाहण्याचा मोह फार मोठा असतो.

कारणांचा शोध

मी गेलो तेव्हा तिने सर्व काही तसेच ठेवलेले होते, त्यामुळे एकेक गोष्ट तपासता आली.

प्रथम थराची जाडी. चार बाय तीन फुटांच्या फलकाचे क्षेत्रफळ सुमारे १.१ चौरस मीटर होते, म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या ओल्या थरासाठी सुमारे १.१ लिटर मिश्रण लागते. रंग कोपऱ्यांपर्यंत पोचणार नाही या धास्तीने तिने तीन लिटरांहून अधिक मिश्रण तयार केले होते आणि त्यातले फारच थोडे कडांवरून गळले होते. सरासरी जाडी अडीच मिलिमीटरच्या घरात गेली. फूटभराच्या पाटीवर ही गोष्ट कधी लक्षात आली नसती. तिथे एक मिलिमीटरच्या थराला सुमारे ९३ मिलिलिटर मिश्रण पुरते, मध्यापासून कडा सहा इंचांवर असते आणि जास्तीचा रंग आपोआप ओघळून जातो. मोठ्या फलकावर तो मध्येच साचून राहतो. नमुना लहान होता म्हणून नमुना यशस्वी झाला होता, आणि ऑर्डर त्या नमुन्याच्या भरवशावर घेतली गेली होती.

दुसरी गोष्ट वाळण्याचा वेग. ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे बहुवारिकाचे (पॉलिमरचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे) सूक्ष्म कण. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. या क्रियेत थराचे आकारमान बरेच घटते. थर पातळ असेल आणि सावकाश वाळत असेल तर तो वरपासून तळापर्यंत सारखा आक्रसतो. परंतु विदर्भाच्या मे महिन्यातील कोरडी हवा, तापलेले टिन आणि वरून पंख्याचा झोत असे तिन्ही एकत्र आले की वरचा पापुद्रा काही तासांत धरतो, खालचा रंग मात्र ओलाच राहतो. पुढे खालचा रंग आक्रसू लागला की कमकुवत पापुद्र्यावर ताण येतो आणि तो फाटतो. जिथे थर सर्वांत जाड तिथे भेगा सर्वांत रुंद होत्या, ही गोष्ट या स्पष्टीकरणाशी जुळत होती.

आम्ही हे बोलत असताना तिची आई दारात उभी होती. त्या म्हणाल्या, "थर जाड झाला अन् उन्हात वाळला, का सारवणही तडकतेच नं बाई. पातळ हात दे, अन् उन्हं उतरल्यावर दे." पुढे जे काही आम्ही ठरवले त्याचा गाभा या दोन वाक्यांत आलेला होता, आणि तो आम्ही गांभीर्याने घेतला.

तिसरी गोष्ट कणांची. रंग सैल करण्यासाठी तिने घरच्या बोअरवेलचे पाणी वापरले होते. दोन पेल्यांत एकाच बाटलीतला काळा रंग घेऊन एकात बोअरचे आणि दुसऱ्यात पिण्याच्या आरओ जारचे पाणी सारख्याच प्रमाणात घातले, रात्रभर झाकून ठेवले आणि सकाळी दोन्ही मिश्रणे मलमलच्या फडक्यातून गाळली. जारच्या पाण्याचे मिश्रण स्वच्छ उतरले. बोअरच्या पाण्याच्या मिश्रणाचे मऊ, काळे कण फडक्यावर राहिले. रंगातील कणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारी व्यवस्था विरघळलेल्या क्षारांमुळे ढासळते आणि ते गोळा होऊ लागतात. खारपाणपट्ट्यातील पाण्यात क्षारांची वाण नाही. फूटभराच्या पाट्यांसाठी ती शाळेतून येताना भरून आणलेले पाणी वापरीत असे, म्हणून हा दोष पूर्वी दिसला नव्हता.

चौथी गोष्ट पातळीची. टेबल शहाबादी फरशीवर होते आणि ती फरशी मोरीकडे उतरती होती. गावातल्या गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागवली, तिच्यात पाणी भरून दोन्ही टोके फलकाच्या दोन बाजूंना धरली, तेव्हा जवळजवळ एक सेंटिमीटरचा उतार निघाला. डोळ्यांना तो अजिबात जाणवत नव्हता. सैल रंगाला मात्र तेवढा उतार रात्रभर सरकत राहण्यास भरपूर होतो.

याशिवाय दोन गोष्टी भेगांशी थेट संबंधित नसल्या तरी दुरुस्त करण्याजोग्या होत्या. वाहते माध्यम म्हणून ती सुतारकामाचा पांढरा गोंद वापरीत होती. तो स्वस्त आणि कुठेही मिळणारा आहे, पण त्याचा वाळलेला थर ओल्या फडक्याने वारंवार पुसल्यास मऊ पडतो, आणि दवाखान्यातील भिंतीवरचे चित्र पुसले जाणारच. तसेच पेशी मोठ्या दिसाव्यात म्हणून ती मिश्रणात सिलिकॉनचे दोन-चार थेंब टाकीत असे. सिलिकॉनचा तेलकट अंश पृष्ठभागावर राहतो आणि त्यावर वॉर्निश धरत नाही. गाड्या रंगवणारे पेंटर ज्याला फिश आय म्हणतात तसे गोल उघडे डाग पडतात. ग्राहकाला वॉर्निश हवे होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय चित्रकारानेच, काहीशा हताशपणे, मांडला. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, रंगही काळा आहे. मग या भेगाच चित्राचा विषय आहेत असे सांगून फलक का देऊ नयेत? कलेच्या दृष्टीने ही कल्पना वाईट नव्हती, आणि ग्राहकाने ती आनंदाने स्वीकारलीही असती. तरी आम्ही ती सोडून दिली. भेगांच्या कडा सुटू लागल्या होत्या, त्यामुळे पुढे पापुद्रे निघण्याचा धोका होता. आणि जे ठरवून केलेले नाही ते ठरवून केले म्हणून विकणे तिला स्वतःलाच पटेना. मुद्दाम भेगा पाडून, त्या पक्क्या करून चित्र करणे हे वेगळे काम आहे. त्याची तयारीही वेगळी असते.

दुसरा पर्याय भेगा भरून त्याच फलकावर पुन्हा ओतण्याचा होता. एका कोपऱ्यात करून पाहिले. भेगा ॲक्रिलिक पेस्टने भरता आल्या, पण वर वळलेल्या कडा घासून सपाट करताना सँडपेपर सारखा भरून जाई, कारण हा थर रबरासारखा असतो आणि घासल्याने गरम होऊन चिकटतो. पाणी लावून घासणे शक्य होते. तथापि संपूर्ण फलकासाठी लागणारी मेहनत नव्या फलकाहून अधिक होती.

तिसरा पर्याय संपूर्ण काम नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलण्याचा. माझे मत याच बाजूचे होते. ओतीव कामासाठी आपल्याकडे हिवाळ्याइतका अनुकूल काळ नाही, आणि दवाखान्याला चित्रे पाच महिने उशिरा मिळाल्याने कोणाचे मोठे नुकसान होणार नव्हते. परंतु आगाऊ रक्कम शेतात गेलेली होती. ग्राहकाने ऑर्डर रद्द करून पैसे परत मागितले असते, तर जूनमध्ये ते कुठून आणायचे, हा तिचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

चौथा पर्याय अमरावतीत वातानुकूलित खोली भाड्याने घेण्याचा होता. फलकांची ने-आण आणि शाळा सांभाळून तिथे राहणे या दोन्ही कारणांनी तो फार काळ चर्चेत राहिला नाही.

उरला तो पाचवा: घरीच, पण थर, वेळ, जागा आणि पाणी बदलून काम करायचे, आणि ग्राहकाला खरी परिस्थिती सांगून मुदत वाढवून घ्यायची. ग्राहकाशी बोलण्याआधी एका चाचणीचा निकाल हाती असावा, की लगेच फोन करावा, यावर आमचा मतभेद झाला. मला चाचणी आधी हवी होती. तिने त्याच संध्याकाळी फोन केला आणि तडकलेल्या फलकांची छायाचित्रेही पाठवली. सजावटकार नाराज झाले, पण दवाखान्याचे उद्घाटनही जूनअखेरीस गेले असल्याचे त्यांनी सांगितले आणि तोवर तीन फलक, उरलेले दोन नंतर, अशी तडजोड झाली. आधी फोन करण्याचा तिचा निर्णय बरोबर होता; उद्घाटन पुढे गेल्याचे आम्हाला एरवी कळलेच नसते आणि आम्ही उगाच आठ-पंधरा दिवसांच्या दडपणाखाली काम केले असते.

केलेली कृती

जागा बदलली. घराच्या पुढच्या बाजूला मातीच्या जाड भिंतींची जुनी खोली आहे, जिच्यात पूर्वी वेचणीचा कापूस भरून ठेवीत. ती रिकामी करून, झाडून, भिंतींवर पाणी शिंपडून धूळ बसवली. टिनाच्या खोलीत दुपारी जे तापमान होते त्याच्यापेक्षा इथले स्पष्टपणे कमी होते, आणि मुख्य म्हणजे ते दिवसभरात फार वर-खाली होत नव्हते. खिडक्यांना ओली पोती लावली. कूलर ओतण्यापूर्वी काही तास चालवून हवा थंड व दमट केली आणि ओतायच्या आधी तो बंद केला, कारण कूलरचा दमटपणा उपयोगी असला तरी त्याचा झोत पंख्याइतकाच घातक ठरला असता.

फलक टेबलावर न ठेवता विटांच्या सहा ठेप्यांवर ठेवला. फलक एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा होता; बारा मिलिमीटर जाडीचा एवढा एमडीएफ दहा किलोच्या आसपास भरतो आणि चारच कोपऱ्यांवर टेकवला तर मध्ये झुकू शकतो, म्हणून मधल्या दोन ठेप्या आवश्यक होत्या. नळीने पातळी पाहत विटांखाली लाकडी पाचरी सरकवल्या. हे काम चित्रकाराच्या भावाने केले आणि प्रत्येक फलकाच्या वेळी ते नव्याने केले, कारण मातीची जमीन एका जागी दबली की पातळी बदलते.

मिश्रणाची कृती साधी केली. पांढऱ्या गोंदाऐवजी नागपूरहून मागवलेले तयार ॲक्रिलिक माध्यम घेतले. त्याने खर्च बराच वाढला. सिलिकॉन पूर्णपणे बंद केले आणि पेशींसाठी केवळ रंगांच्या घनतेतील फरकावर विसंबायचे ठरवले. पाणी फक्त जारचे, तेही मोजून. मिश्रण काडीने उचलल्यावर धार न तुटता पडावी आणि खाली पडलेल्या धारेचा उंचवटा एक-दोन सेकंदांत विरून जावा, हा घट्टपणाचा मापदंड ठेवला. ढवळताना हवेचे बुडबुडे होतात म्हणून मिश्रणे आदल्या रात्री तयार करून झाकून ठेवली जाऊ लागली.

खरा बदल थराचा होता. आधी काळ्या रंगाचे पातळ अस्तर देऊन ते पूर्ण वाळू द्यायचे. ओतण्याच्या वेळी त्याच रंगाचा अगदी पातळ ओला हात सगळीकडे फिरवायचा. आणि मग त्यावर पेला उपडा करायचा. ओल्या पृष्ठावर रंग सहज पसरतो, त्यामुळे कोपरे गाठण्यासाठी जास्तीचे मिश्रण लागत नाही. अस्तराच्या ओल्या हातासह एका फलकाला सुमारे दीड लिटर मिश्रण तयार केले आणि त्यातलेही कडांवरून गळू दिले. फलक कलता करताना मध्ये रंग साचत असेल तर तो रचनेतला सुंदर भाग असला तरी वाहू द्यायचा, हा नियम तिला सर्वांत अवघड गेला. एका फलकावर पांढऱ्या पेशींचा नितांत सुंदर पुंजका मध्यभागी तयार झाला होता, आणि तो निम्मा तरी कडेला जाऊ द्यावा लागला.

वेळ दिवेलागणीनंतरची ठेवली. ओतून झाल्यावर दोर काढलेली जुनी बाज फलकावर उभी करून तिच्यावर मच्छरदाणी आणि मच्छरदाणीवर बाजूंनी थोडी उघडी ठेवलेली प्लास्टिकची ताडपत्री टाकली. त्यामुळे झोत थांबला, धूळ थांबली आणि वाळण्याचा वेग मंदावला. तिसऱ्या दिवशी आधी ताडपत्री आणि मग मच्छरदाणी काढायची, असा क्रम होता.

तडकलेले दोन फलकही वाया गेले नाहीत. सुताराने दोन्ही बाजूंना प्रायमर दिले होते आणि मागच्या पट्ट्या अजून बसवलेल्या नव्हत्या. सुटलेले पापुद्रे खरवडून, तो पृष्ठभाग सील करून, फलक उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर नवी चित्रे ओतली. ही गोष्ट सजावटकाराला सांगूनच केली.

गळालेल्या रंगाची विल्हेवाट हा विषय अशा लेखनात क्वचित येतो, पण विहिरी आणि नाले जवळ असलेल्या गावात तो टाळता येत नाही, कारण ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच आहे. गळालेला रंग खाली अंथरलेल्या प्लास्टिकवर वाळू दिला. त्याचे पापुद्रे सोलून निघतात. भांडी धुतलेले पाणी मोरीत न सोडता पसरट घमेल्यांत भरून अंगणात ठेवले. मे-जूनच्या उन्हात ते दोन-तीन दिवसांत आटते आणि तळाशी राहिलेला थर कचऱ्यात टाकता येतो.

परिणाम

नव्या पद्धतीने केलेला पहिला फलक निर्दोष निघाला. दुसऱ्याला एका आखूड कडेवर बोटभर लांबीची बारीक भेग आली. त्या बाजूला दाराची फट होती आणि रात्री वारा सुटला होता. भेग भरून, रंग जुळवून, ती जागा सजावटकाराला दाखवण्यात आली. त्यांनी फलक स्वीकारला. तिसऱ्याच्या वेळी पहिला मोठा पाऊस होऊन गेला होता आणि दिव्याभोवती उधईची पाखरे जमा झाली. त्यांतली काही ओल्या रंगात पडली. रंग अजून वाहता होता म्हणून ती टूथपिकने लगेच उचलली आणि जागा आपोआप भरून आल्या; त्यानंतर ओतणे संपताच खोलीतला दिवा मालवण्याची पद्धत पडली. उद्घाटनाच्या आधी हे तीन फलक अमरावतीला पोचले.

उरलेले दोन फलक जुलैत पाठवले आणि तिथे नवीनच अडचण उभी राहिली. फलक बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोने पाठवले होते. पावसाने उघडीप दिलेला तो कडक उन्हाचा दिवस होता, टेम्पो वाटेत बराच वेळ उभा राहिला, आणि एका फलकावर बबलच्या गोल खुणा उमटल्या. वाळलेले ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडते, आणि आतले पाणी पूर्ण निघून थर पक्का होण्यास हाताला कोरडा लागण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ जातो. हा फलक परत आला. तो नोव्हेंबरमध्ये पुन्हा करून दिला गेला आणि तेव्हा ऑर्डर पूर्ण झाली. उरलेली रक्कम तिला मिळाली, परंतु नव्या माध्यमाचा आणि दुबार मालाचा खर्च वजा जाता हाती फारसे राहिले नाही.

चित्रांच्या दर्जाबाबत माझे मत असे आहे की नंतरची चित्रे पहिल्या बिघडलेल्या चित्रापेक्षा कमी दिपवणारी, पण अधिक शांत आहेत. थर पातळ झाल्यामुळे पेशी लहान राहिल्या आणि काळा भाग अधिक मोकळा दिसू लागला. सजावटकाराने सुरुवातीला जे मागितले होते त्याच्या ती जवळ गेली आहेत.

वेगळे काय करता आले असते

ऑर्डर घेण्यापूर्वी प्रत्यक्ष मापाचा एक फलक ओतून पाहणे, हे सर्वांत आधी. त्याचा खर्च ग्राहकाकडून वेगळा मागता येतो आणि बहुतेक ग्राहक तो देतात. एका फुटाच्या पाटीवरून बारा चौरस फुटांचा अंदाज बांधता येत नाही, कारण क्षेत्रफळाबरोबर रंग साचण्याची, उताराची आणि कडा-मध्य यांच्या वाळण्यातील तफावतीचीही वाढ होते.

आगाऊ रकमेतून निदान रंग-माध्यमाचा खर्च बाजूला काढून ठेवायला हवा होता. शेतीच्या घरात जूनच्या तोंडावर हे सांगणे सोपे आहे आणि करणे अवघड, याची मला जाणीव आहे. तरी पर्याय निवडताना तिचे हात बांधले गेले ते याच जागी. ऑर्डरच्या अटीही केवळ फोनवर ठरलेल्या होत्या. हवामानामुळे होणारा उशीर, वाहतुकीतील नुकसान कोणाकडे, आणि वॉर्निश कधी, या तीन गोष्टी एका कागदावर असत्या तर परत आलेल्या फलकाचा भार एकट्या चित्रकारावर पडला नसता.

बबल रॅपबाबतचा सल्ला माझ्याकडून वेळेवर जायला हवा होता की तिने विचारायला हवा होता, हा प्रश्न बाजूला ठेवू. चित्राच्या पृष्ठावर सिलिकॉन लावलेला बटर पेपर, त्यावर पुठ्ठा आणि बबल रॅप सर्वांत बाहेर, तेही बबल बाहेरच्या बाजूला करून, असे बांधणे योग्य. दोन फलक तोंडाला तोंड लावून तर कधीच ठेवू नयेत.

नोव्हेंबरच्या फलकाच्या वेळी आणखी एक गोष्ट समोर आली. हिवाळ्यात दिवस अनुकूल असतो, पण विदर्भात रात्रीचे तापमान १० अंशांपर्यंत आणि काही वेळा त्याखाली उतरते, आणि साधारण तेवढ्याच तापमानाखाली ॲक्रिलिकचे कण नीट जुळत नाहीत. थर ठिसूळ होतो. म्हणून उन्हाळ्यात जो नियम दिवेलागणीचा, तो हिवाळ्यात उलटा होऊन सकाळी दहाच्या सुमाराचा झाला.

तिने आता मोठ्या फलकांच्या ऑर्डरी फक्त दिवाळीनंतर घ्यायच्या असे ठरवले आहे, आणि उन्हाळ्यात फूटभराच्या पाट्यांपुरते काम ठेवले आहे. उलटे करून वापरलेल्या दोन फलकांची एक शंका मात्र मिटलेली नाही. दोन्ही बाजूंना रंगाचे थर असल्याने ते वाकणार नाहीत असा आमचा कयास होता. नोव्हेंबरचा फलक पोचवताना तिने दोन्ही तपासले, तेव्हा एक सरळ होता आणि दुसऱ्याला अगदी किंचित बाक आलेला होता. त्याच्या मागे आणखी एक आडवी पट्टी बसवून दिली आहे आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तो पुन्हा पाहायचे ठरले आहे.